धुऱ्यावरचा रणगाडा

परवा शेजारच्या बांधीत ट्रॅक्टर उतरला. लोखंडी चाकं लावलेला, पोटापर्यंत चिखलात, घरघर करत चिखल घोळत होता, आणि मी धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंड्या टाकायचं सोडून त्याच्याकडे बघत उभी राहिले. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, आणि धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, एक माणूस जाईल एवढा. त्या धुऱ्यावर माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, आणि मनात विचार काय, तर हा ट्रॅक्टर असा उघड्यावर आडवा काहून उभा केला? याची पूर्ण बाजू दिसते. कोणी नेम धरला तर?

कोण नेम धरणार आहे बाप्पा इथं. वर ढग होते आणि खाली बगळे होते.

पण गेल्या वर्षीच्या रोवण्यानं, धानाच्या लावणीनं, माझ्या डोक्याचं जे करून ठेवलं, ते काही दुरुस्त झालं नाही. त्या मोसमात मी सकाळी बांधीत वाकून धान रोवायची आणि दुपारी घरी येऊन, पायाचा चिखल धुऊन, संगणकावर रणगाडा चालवायची. खरंच सांगते. लढाईचा खेळ, जगभरातली माणसं एकाच वेळी खेळतात तो. हे सगळं मी एका पोरीसाठी केलं, माझ्याच. ती माझ्याशी बोलत नव्हती. मोसम सरता सरता एका रविवारी तिनं मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. दिलं, असं मला वाटत होतं. ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही, हे वर्षभर मला समजत नव्हतं. यंदा पऱ्हे हाताला आले, हिरवेगार, वीतभर, आणि तो प्रश्न पुन्हा वर आला.

आचल आमची एकुलती एक. पवनीच्या अलीकडं आमचं गाव. ती भंडाऱ्याला कॉलेजात जायची, म्हणून घरी संगणक घेतला, अभ्यासाला. तिनं त्यावर अभ्यास किती केला ते मला माहीत नाही. मला दिसायचे ते रणगाडे. कानाला ते हेडफोन लावून पोरगी कुणाला तरी सांगत असायची, "डावीकडून ये, डावीकडून. माथ्यावर नको चढू, मरशीन." मी चुलीपाशी बसून ऐकायची. कोण मरतंय, कोण मारतंय, काही पत्ता लागायचा नाही. देवापुढं दिवा लावायच्या वेळेला पोरगी "जाळून टाक त्याले" म्हणत असेल तर कोणत्या आईला बरं वाटेल?

शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती. एक दिवस ती कॉलेजात गेली आणि मी संगणक लाखांदूरला माझ्या भावाकडे देऊन टाकला. तिचे बाबा म्हणाले, "विचारून तं पाह्य तिले." मी म्हटलं, "विचारून कोणी औषध पाजते काय?" मला माझंच वाक्य फार आवडलं होतं. दिवसभर तेच मनात घोळवत होते.

आचल पाचच्या बसनं आली. टेबल रिकामं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. संगणक जिथं असायचा तेवढी जागा स्वच्छ होती आणि भोवती धूळ होती. त्या स्वच्छ जागेवर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "आई, तीन दिवसानं आमची स्पर्धा होती. तुले माहीत होतं काय?" मला कसं माहीत असणार. "सात जण होतो आम्ही. मी त्याइची कप्तान होती." एवढंच बोलली आणि हातपाय धुवायला गेली. मला वाटलं, चला, एवढ्यावर निभावलं.

निभावलं कुठं. परीक्षा दिली, पास झाली, पुण्याला नोकरीला लागली. बाबांशी फोनवर पाच-पाच मिनिटं बोलायची. फोन माझ्या हातात आला की 'हं'. जेवली काय? हं. पाऊस आहे काय तिकडं? हं. तब्येत? हं. भांडली असती तर मी दोन शब्द जास्तच बोलले असते, माझं तोंड काही कमी नाही. पण 'हं'शी कसं भांडायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अशी दोन वर्षं गेली. खेळच तर होता तो, एवढं काय त्यात, हे मी स्वतःला सारखं विचारत होते.

गेल्या वर्षी पाऊस तोंडावर आला असताना भावानं संगणक परत पाठवला. त्याच्या घरी नवा आला होता. आचलच्या बाबांनी तो लाखांदूरच्या बसनं, मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून, नवी नवरी आणावी तसा जपून आणला. मी त्याच टेबलावर ठेवला. मग टेबलाचा खण साफ करायला घेतला आणि त्यात तिची वही सापडली. वर रसायनशास्त्र लिहिलेलं. आत दोन पानं रसायनशास्त्र, आणि पुढं सगळे रणगाडे.

चित्रं काढली होती, बाण काढले होते, आणि बारीक अक्षरात नियम लिहिले होते. माथ्यावर कधीच थांबायचं नाही, माथ्यावरचा साऱ्या जगाले दिसते. धुऱ्याआड थांबायचं, फक्त डोकं वर. रणगाड्याचं डोकं टणक असते, पोट नरम. छाती काढून समोर उभं राहायचं नाही, थोडं तिरकं राहायचं, म्हणजे गोळा घसरून जाते. गोळा सोडला का मागं. लागला का नाही ते पाहत बसायचं नाही. पुढं जायच्या आधी मागं यायची वाट पाहून ठेवायची. एकट्यानं जायचं नाही.

मी ती वही दारात बसून वाचली. बाहेर झड लागली होती, तीन दिवसांची, पागोळ्या थांबत नव्हत्या. मला वाटत होतं पोरगी धिंगाणा घालते, ही तर मास्तरीण निघाली. आणि धुऱ्याआड, असंच लिहिलं होतं तिनं. पुस्तकातला शब्द नाही, आमच्या बांधीतला. शेवटच्या पानावर सात नावं होती, कुणी कुठं उभं राहायचं ते लिहिलं होतं, वर स्पर्धेची तारीख होती. तिच्यापुढं सगळी पानं कोरी. ती कोरी पानंही मी शेवटपर्यंत उलटली. मनात तेव्हा जे आलं ते वाईट वाटणं होतं की राग होता, की ही पोरगी एवढं करत होती आणि आपल्याला कळलं नाही याची लाज, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आमच्या चौकात शीतलचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शीतल शेजारची सून, माहेर मोहाडीचं, बोलायला फटकळ पण कामाला चोख. तिला मी घरी बोलावलं.

"काकू, तुम्ही रणगाडा चालवान?"

"कायले नाही? म्या ट्रॅक्टर चालवला आहे."

"कवा?"

"एकदा. धुऱ्यावर चढवला होता."

शीतल हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. मग तिनं खेळ लावून दिला. नाव काय टाकू, म्हणाली. मी म्हटलं, "नाव नको टाकू. आचल ओळखन." तेव्हा यंत्रानंच मला नाव दिलं: खेळाडू, आणि त्यापुढं नऊ आकडे. माईकची तार मी काढूनच ठेवली, कारण माझा आवाज आचल गाढ झोपेतही ओळखेल.

पहिले आठ दिवस मी कोण हेच मला समजलं नाही. पडद्यावर चौदा-पंधरा रणगाडे, त्यातला माझा कोणता? पुढं जायची कळ दाबली की मी मागं जायची. एकदा नदी दिसली, वाटलं वैनगंगेला उन्हाळ्यात असतं तेवढं पाणी असेल, घातला रणगाडा, बुडाला. ज्याला दुश्मन समजून गोळा मारला तो आमचाच निघाला, आणि ज्याच्या मागं भक्तिभावानं चालत गेले तो दुश्मन. कुणीतरी परक्या भाषेत मला शिव्या लिहिल्या. शीतल म्हणाली, "काकू, वाचू नका." वाचायला यायला तर पाहिजे ना. आचलचे बाबा पाठीमागून जाता जाता म्हणायचे, "तुले झालं तं काय आहे?" आणि मी म्हणायची, "तुम्ही तुमचं पाहा."

काय झालं होतं? मलाही माहीत नव्हतं. पोरगी बोलत नाही म्हणून आई लढाई शिकते, हे कोणत्या शास्त्रात बसतं? बैल गेला अन् झोपा केला, म्हणतात तसं. ज्या खेळावरून पोरगी तुटली, तो मी आता वही समोर ठेवून गिरवत होते. मी काय काढून घेतलं होतं, ते तरी समजावं, एवढंच माझ्या मनात होतं. निदान सुरुवातीला एवढंच होतं.

एक गोष्ट मात्र मला लवकर जमली, मागं जाणं. शीतलला त्याचं फार नवल. ती म्हणायची, नवीन माणूस मागं जाताना हमखास कुठंतरी आदळतो, तुम्ही कशा सरळ जाता? अगं, रोवणा काय पुढं चालत करतात काय? वाकायचं, चिखलात चार बोटं खुपसून रोप लावायचं आणि मागं सरकायचं. बाया रांगेनं मागं मागं येतात, हिरवं पुढं राहत जातं. मागं न बघता टाचेलाच कळतं, कुठं खड्डा आहे, कुठं धुरा आला. तीस वर्षं मी मागं जाऊनच शेत भरलं आहे. गोळा सोडायचा आणि मागं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट, जमीन. कुठं चिखल धरून ठेवेल आणि कुठं नुसता वर वर ओला आहे, हे गवताच्या रंगावरून दिसतं. खेळ बनवणाऱ्यानं कुठली तरी परकी जमीन बनवली होती, पण गवत खरं बनवलं होतं. बाकीचे रणगाडे दलदलीत जाऊन फसायचे आणि मी कडेनं जायची.

वहीत आचलचं खेळातलं नाव होतं. शीतलनं ते शोधलं आणि म्हणाली, "काकू, तुमची आचल तं दर रविवारी तीन वाजता नवीन लोकाइले शिकवते. कोणीबी येऊ शकते." मी विचारलं, "तिले समजन काय कोण आलं ते?" म्हणाली, "नऊ आकडे समजतीन."

तर रविवारी तीन वाजता, आठवडाभराच्या रोवण्यानं कंबर धरलेली, नखांत चिखल, मी कानाला ते हेडफोन लावून बसले. आणि कानात आचल बोलायला लागली.

दोन वर्षांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. तासभर बोलली. "सगळ्यांना नमस्कार, घाबरायचं नाही, पहिल्या दिवशी सगळेच मरतात." पुण्याची भाषा बोलत होती, पण चिडली की आपली भाषा वर यायची. "ज्यांच्याकडे माईक नाही त्यांनी नळी वर-खाली केली म्हणजे हो, डावी-उजवी केली म्हणजे नाही. नऊ आकडे, कळलं का तुम्हाला?" मी रणगाड्याची नळी वर केली, खाली केली. "शाब्बास," आचल म्हणाली.

मला तुम्ही म्हणाली. चुकले की "हरकत नाही, पुन्हा करा" म्हणाली. एकदा मी तिच्याच रणगाड्याला जाऊन धडकले, तर हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या, होते असं." माझी पोरगी इतकी गोड बोलते, इतका धीर धरते, हे मला कुणा परक्याचं नाव लावून बसल्यावर कळावं? मला आनंद झाला की मला त्या नऊ आकड्यांचा हेवा वाटला, हे मी ठरवू शकले नाही. दोन्ही झालं बहुतेक. हेडफोन काढल्यावर डोळे पुसले, तर शीतल म्हणाली, काकू, पडद्याकडं जास्त वेळ पाहिलं का पाणी येते डोळ्यात. मी म्हटलं, हाव, तसंच असन.

मग माझे रविवार बांधले गेले. सोमवार ते शनिवार रोवणा, रविवारी युद्ध. बांधीत बाया गाणी म्हणत, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत, आणि मी मनात घोकत असायची: तिरकं उभं राहायचं, छाती काढून नाही. ते ऐकायला लढाईचं वाटतं, पण सासरी नवीन आलेल्या प्रत्येक बाईला हे येतंच. कुणी बोलायला लागलं की जरा खांदा वळवून भांडी घासत राहायचं, बोलणं घसरून जातं. मी आयुष्यभर हेच केलं होतं. फक्त पोरीच्या बाबतीत छाती काढून उभी राहिले, तेही तिच्या पाठीमागं.

दुसऱ्या रविवारी आचल सगळ्यांसमोर म्हणाली, "नऊ आकडे, तुम्हाला जमीन समजते. बाकीच्यांनी त्यांच्या मागं जा." सहा रणगाडे माझ्यामागं. मी घरात कुणाला सांगणार? आचलच्या बाबांना सांगितलं, "आज माझ्यामागं सहा गाड्या होत्या." ते म्हणाले, "बरं. चहा ठेव."

पण एक ठिकाणी मी सपशेल नापास व्हायची. एक मैदान होतं, मधोमध पीक, कमरेएवढं, वाऱ्यानं डोलणारं. गहू असेल, धान नव्हतं. पण उभं पीक ते उभं पीक. आचल सांगायची, "सगळे पिकात शिरा. पीक तुम्हाला लपवते. कडेच्या बांधावर चढलात तर सगळ्यांना दिसाल." सगळे शिरायचे. रणगाड्याच्या साखळीखाली पीक आडवं होत जायचं, मागं दोन काळे पट्टे राहायचे. माझं बोट काही कळ दाबायचं नाही. मी वळसा घालून बांधावरून जायची, उंच, उघडी, आभाळाच्या पुढं, आणि पहिल्याच मिनिटाला मरायची.

"नऊ आकडे, पिकातून." पुढच्या रविवारी पुन्हा, "पिकातून जा हो." शीतल शेजारी बसून कपाळ बडवायची. "काकू, खोटं पीक आहे ते."

"मले माहीत आहे."

"मंग?"

"मंग काही नाही. पाय उचलत नाही."

ज्यानं स्वतः रोप रोप लावलं आहे, त्याचा पाय उचलत नाही. आमच्याकडे रोवलेल्या बांधीत कोणी उतरत नाही, वाट कितीही लांब पडो. आचल सात वर्षांची होती तेव्हा एका बगळ्यामागं पळत पळत ताज्या रोवलेल्या बांधीत शिरली. पार मधापर्यंत. मी धुऱ्यावरून हाक मारली, तशीच तिला थांबवली, आणि येताना उपटलेलं एक एक रोप तिच्याच हातानं पुन्हा लावून घेतलं. रडत होती, नाकातून शेंबूड, कोपरापर्यंत चिखल. मी तिला म्हटलं होतं, "दहा पावलं जास्त पडतीन, पण धुऱ्यानं येजो." तेव्हापासून ती कधी पिकात शिरली नाही. आता पुण्याला बसून लोकांना शिरायला सांगत होती. तिला तो दिवस आठवत असेल का, असं मला त्या बांधावर मरता मरता प्रत्येक वेळी वाटायचं.

चौथा रविवार. बाहेर पाऊस, आमच्या दोन बांध्या रोवायच्या राहिलेल्या, बाया दुसऱ्याकडे गेलेल्या. खेळात पुन्हा तेच मैदान. सगळे पिकात शिरले. मी बांधावर चढले.

आचलचा रणगाडा पिकाच्या कडेला पोचला होता. तो थांबला. मग वळला. मागं आला आणि मी होते त्या बांधाच्या खाली येऊन उभा राहिला. कुणीतरी पोरगा म्हणाला, "ताई, दुश्मन आला तिकडून." आचल म्हणाली, "थांबा जरा."

मग म्हणाली, "रोवणा झाला काय?"

पुण्याची भाषा नव्हती ती. तुम्हीही नव्हतं. शीतलनं तोंडावर हात ठेवला. मी नळी डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली.

"दोन बांध्या राहिल्या असतीन. तलावाकडच्या."

नळी वर, खाली.

"बाबाचा गुडघा बरा आहे?"

वर, खाली.

पिकात कुठंतरी गोळे फुटत होते, बाकीची पोरं आपापसात ओरडत होती. मला माईकची तार दिसत होती, टेबलाच्या मागं लोंबत असलेली. ती कुठं खुपसायची ते मला माहीत नव्हतं आणि शीतल तर पडद्याकडंच बघत होती. मग आचल हळू आवाजात म्हणाली, "आता वाटते काय तुले, चुकलं तुझं म्हणून?"

मी नळी वर केली. पूर्ण वर, आभाळाकडं. आणि खाली आणायला लागले तेवढ्यात दणका बसला. मी बांधावर उभी होते ना, माथ्यावर, उघडी, तिच्या वहीतल्या पहिल्याच नियमाच्या विरुद्ध. पडदा राखाडी झाला. रणगाडा पेटला. आणि त्या खेळात रणगाडा मेला की त्याची नळी आपोआप खाली पडते.

खाली आली ती मी आणली, की गोळ्यानं आणली? मलाच कळलं नाही, तर तिला काय कळणार. आणि तेवढ्यात लाईन गेली. पावसात जातेच. पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि मी हातात माउस धरून बसून राहिले. लाईन आली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि तिथं कोणी नव्हतं.

फोन करून सांगायचं ना, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. मंगळवारी फोन आला, तिचाच, आणि बाबांच्या आधी मला बोलावलं. रोवणा, पाऊस, गुडघा, शीतलचं दुकान, सगळं विचारलं. 'हं' गेलं होतं. मी नुसती बोलत सुटले, धानाचं, तलावाचं, शेजारच्या बकरीचंही. तो खेळ, तो बांध, तो प्रश्न, याच्या आजूबाजूला माझं बोलणं फिरत राहिलं आणि मधे काही शिरलं नाही. तिनंही विषय काढला नाही. मी तिरकी उभी होते, आणि तीही. वर्षभर आम्ही दोघी अशा धुऱ्याआड, फक्त डोकं वर. तिनं माझं उत्तर पाहिलं म्हणून बोलायला लागली, की पाहिलं नाही आणि आई म्हातारी होत चालली म्हणून दया करते आहे? कधी पहिलं खरं वाटायचं, कधी दुसरं. पुढच्या रविवारी मी त्या वर्गात गेले नाही. त्या दोन बांध्या होत्या, मग निंदण होतं, मग कापणी होती. काम असलं की माणसाला सबब मिळते.

यंदा आचल रोवण्याला आली. चार दिवसांची रजा टाकून, पवनीच्या बसनं, पाठीवर पिशवी. सांगून आली नाही. मी विचारलं, "काहून आली?" म्हणाली, "काहून म्हणजे? घर आहे माझं." टेबलावर संगणक पाहिला, वही पाहिली, आणि हातपाय धुवायला गेली. मी वही झाकून ठेवायला पाहिजे होती की नको, ते मला सुचलं नाही.

काल आम्ही दोघी तलावाकडच्या बांधीत होतो. बाकी बाया पलीकडच्या बांधीत, त्यांचं हसणं वाऱ्यावर तुटक तुटक येत होतं. पाऊस भुरभुर. आचलला सवय राहिली नव्हती, दहा रोपं लावली की कंबरेवर हात. मी म्हटलं, "जमन का?" म्हणाली, "जमते. तू आपलं पाहाय." वाकलेल्या दोघी, तोंडं खाली, मागं मागं सरकत. रोवण्यात कुणी कुणाच्या तोंडाकडं पाहत नाही, पाहायला वेळच नसतो. समोर हिरवं वाढत होतं आणि आम्ही त्याच्यापासून दूर जात होतो. माझ्या मनात तेच, सांगू की नको, कसं सांगू, कुठून सुरू करू.

माझी टाच धुऱ्याला लागली. तिचीही लागली. आम्ही उभ्या राहिलो, कंबर धरून. तिनं हातातलं शेवटचं रोप खोवलं आणि पाण्याकडं बघत म्हणाली, "आई, त्या दिवशी नळी तू खाली आणली होती, का गोळ्यानं पडली होती?"

वर्षभर तिनंही तेच धरून ठेवलं होतं. मला इतकं भरून आलं की मी आधी चिखलाचा हातच तोंडावर फिरवला.

"म्या आणली होती," मी म्हटलं. "चुकलंच होतं माझं. तुले न विचारता द्यायले नव्हतं पाहिजे."

पलीकडच्या बांधीत जायचं होतं, आणि मधली बांधी सकाळीच रोवून झालेली. आचल धुऱ्यावर चढली आणि मला वर ओढून घ्यायला तिनं हात पुढं केला.

"बरं," ती म्हणाली. "पेंडी घे. धुऱ्यानं जाऊ."